वाचक विचारतात: हप्ते थकलेत, घर किती दिवसांत जाईल?

मागच्या अंकात लेऑफनंतर हेल्थ इन्शुरन्सचं काय करायचं यावर लिहिलं होतं, आणि त्यानंतर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी घराबद्दलचीच. त्यामुळे हा पूर्ण कॉलम फोरक्लोजरवर, म्हणजे इथे अमेरिकेत हप्ते थकल्यावर घराची जी जप्ती आणि लिलाव होतो त्यावर. मी वकील नाही, हाउसिंग काउन्सेलर आहे, लोकांच्या बाजूला बसून त्यांची मॉर्गेजची, म्हणजे घरकर्जाची, कागदपत्रं वाचणं हेच माझं काम. नावं कुणाचीच छापत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत कारण या विषयात तुम्ही कुठल्या राज्यात राहता यावर सगळं अवलंबून असतं.

प्रश्न: ताई, माझ्या मिस्टरांचा लेऑफ झाला. मी नोकरी करते, ते आता माझ्या एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून म्हणून एच फोरवर आलेत, पण एका पगारात मॉर्गेज बसत नाहीये आणि तीन हप्ते थकलेत. परवा नोटीस ऑफ इंटेन्शन टु फोरक्लोज असं पत्र आलं, त्यात ३० दिवस लिहिलेत. माझा भाऊ डॅलसला असतो, तो म्हणतो त्यांच्याकडे एकाचं घर दीड-दोन महिन्यांत गेलं. आम्ही ३० दिवसांत घर खाली करायचं का? मुलीचं शाळेचं वर्ष संपायचंय. आणि एच वन बी म्हणून आपल्याला हक्क कमी असतात का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही गं, घर खाली करायचं नाहीये, बॅगा अजिबात भरू नका. ते ३० दिवस घर सोडायचे नाहीत, थकबाकी भरून विषय मिटवायचे आहेत. न्यू जर्सीत १९९५ चा फेअर फोरक्लोजर अ‍ॅक्ट आहे, त्याप्रमाणे बँकेला कोर्टात जायच्या किमान ३० दिवस आधी हे पत्र पाठवावंच लागतं, म्हणजे अजून केससुद्धा झालेली नाही. भाऊ खोटं बोलत नाहीये, त्याच्या टेक्सासमध्ये पहिल्या नोटिशीपासून मोजलं तर खरंच तसं होतं. पण अमेरिकेत जप्तीचा एक कायदा नाही, राज्यागणिक वेगळा. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय, फ्लोरिडा इथे बँकेला कोर्टात केस करूनच घर घेता येतं, आणि टेक्सास, कॅलिफोर्निया, जॉर्जिया, व्हर्जिनिया इथे बहुतेक वेळा कोर्टाचं तोंडही न बघता लिलाव होतो. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकाचा अनुभव ऐकून ना घाबरायचं, ना निर्धास्त व्हायचं.

राज्याच्या कायद्यावर एक फेडरल नियम आहे तो सगळ्या राज्यांत लागतो, २०१४ पासून. तुम्ही त्या घरात स्वतः राहत असाल तर थकबाकीला १२० दिवस उलटून गेल्याशिवाय बँकेला जप्तीचं पहिलं पाऊल, म्हणजे केस किंवा जप्तीची अधिकृत नोटीस, टाकता येत नाही; तुम्हाला आलंय तसं थकबाकी भरायचं पत्र त्यात धरत नाहीत. तुमचे तीनच हप्ते थकलेत म्हणजे हे दिवस अजून भरलेले नसणार. हाच वेळ सोन्यासारखा आहे आणि नेमका हाच लोक घालवतात, लाजेपायी, देवळात कोणी विचारेल म्हणून, गावाकडे कळेल म्हणून.

गेल्या वर्षी एका बाईंनी माझ्या टेबलावर पटेल ब्रदर्सची पिशवी उपडी केली. एकवीस पाकिटं, एकही फोडलेलं नाही, दोन-तीनवर सर्टिफाइड मेलचा हिरवा स्टिकर तसाच. मी तारखा बघून ती ओळीने लावली आणि एकेक फोडत गेले, त्या समोर बसून फक्त माझ्या हाताकडे बघत होत्या. सातव्या पाकिटात बँकेने लिहिलं होतं की तुमचा अर्ज मिळाला, अपूर्ण आहे, दोन पे स्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, आणि एक बँक स्टेटमेंट अमुक तारखेपर्यंत पाठवा. ती तारीख पाच आठवड्यांपूर्वी होऊन गेली होती. दोन पे स्टब! ते त्यांच्या फोनमध्ये होते. आम्ही अर्ज पुन्हा सगळा पहिल्यापासून केला, पण मधल्या काळात वकिलाची फी आणि लेट फी थकबाकीत चढत गेली ती गेलीच.

तर तुम्ही काय करायचं. ज्या कंपनीला हप्ता भरता तिला सर्व्हिसर म्हणतात, लोन ज्याचं असेल त्याचं असो, बोलायचं सर्व्हिसरशी. त्यांच्याकडे लॉस मिटिगेशनचा, म्हणजे जप्ती टाळायला सवलत मागण्याचा, अर्ज मागायचा, तो पूर्ण भरून, कागद जोडून लेखी पाठवायचा आणि पोचपावती ठेवायची. पाच कामकाजाच्या दिवसांत त्यांनी कळवलं पाहिजे की अर्ज पूर्ण आहे की काय राहिलंय, आणि पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत निर्णय. केस व्हायच्या आत पूर्ण अर्ज गेला तर तो निकाली काढल्याशिवाय केस करता येत नाही. केस झाल्यावर गेला तरी लिलावाच्या तारखेला ३७ दिवसांपेक्षा जास्त शिल्लक असतील तर अर्ज तपासून होईपर्यंत त्यांना निकाल मागता येत नाही की लिलाव करता येत नाही. अर्ज ‘पूर्ण’ असला पाहिजे हे तीनदा वाचा, कारण सगळं त्या एका शब्दावर अडतं. त्यातून मग हप्ते शेवटी ढकलणं, लोनची मुदत वाढवून हप्ता कमी करणं, काही महिने सवलत, असं काहीतरी निघतं, लोन कुठल्या प्रकारचं आहे त्याप्रमाणे.

आणि समजा पुढे केस झालीच तर कोर्टाचे कागद हातात पडल्यापासून ३५ दिवसांत उत्तर दाखल करता येतं. गप्प बसलात तर केस बिनविरोध धरून राज्याच्या राजधानीतल्या, ट्रेंटनच्या, ऑफिस ऑफ फोरक्लोजरकडे जाते आणि पुढे सरकते. त्याच कागदांबरोबर मीडिएशनची, म्हणजे मध्यस्थासमोर बसून बोलण्याची, माहिती येते, ते लगेच मागा, तिथे बँकेच्या माणसाला तुमच्याशी बोलावंच लागतं. कोर्टाचा शेवटचा निकाल होईपर्यंत कधीही सगळी थकबाकी आणि खर्च भरून लोन पुन्हा पहिल्यासारखं चालू करायचा हक्क तुम्हाला आहे. त्यानंतर शेरीफ सेल, म्हणजे काउंटीच्या शेरीफने करायचा लिलाव, तोही तुम्हाला दोनदा पुढे ढकलून मागता येतो, प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ३० दिवस, आणि सेल झाल्यावरसुद्धा घर सोडवायला १० दिवस असतात. इथवर जाऊ नका, पण रस्ता केवढा लांब आहे ते कळावं म्हणून सांगितलं. मुलीचं शाळेचं वर्ष आरामात पुरं होईल.

व्हिसाचं विचारलंत ते बरं केलंत, हा गैरसमज फार आहे. नोकरी गेल्यावर व्हिसावर राहायला मिळतात ते ६० दिवस हा इमिग्रेशनचा विषय, मॉर्गेजशी त्याचा संबंध नाही. हे हक्क त्या घरात राहणाऱ्या कर्जदाराचे आहेत, ग्रीन कार्डवाल्याला वेगळे आणि एच वन बीवाल्याला वेगळे असं काही नाही.

प्रश्न: नमस्कार. आमच्या दारावर कुणीतरी कागद लावून गेलं आणि मग मेलमध्येही आला, नोटीस ऑफ सबस्टिट्यूट ट्रस्टीज सेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लिलाव लिहिलाय, आज मोजले तर १७ दिवस आहेत. आधी एक-दोन सर्टिफाइड पत्रं आली होती पण मी घरी नव्हतो आणि पोस्टात जाऊन घेतली नाहीत, म्हणजे नोटीस मिळालीच नाही असं म्हणता येईल ना? शिवाय टेक्सासमध्ये होमस्टेड असतं, राहतं घर कुणी घेऊ शकत नाही असं सगळेच सांगतात. (फ्रिस्को, टेक्सास)

हा अंक हातात पडेपर्यंत तुमचा मंगळवार होऊन गेला असता म्हणून मी तुमच्याशी फोनवरच बोलले आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी वकील गाठलात हे फार बरं झालं. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्याच बाकीच्यांसाठी, कारण डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टन, सगळीकडून हीच दोन वाक्यं ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत.

होमस्टेड खरंच मोठं संरक्षण आहे, पण ते क्रेडिट कार्डवाल्यांपासून, बाकीच्या सावकारांपासून. जे कर्ज काढून ते घर घेतलं त्याच कर्जापासून नाही, प्रॉपर्टी टॅक्सपासून नाही, आणि एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, थकबाकीपासूनही बहुतेक ठिकाणी नाही. टेक्सासमध्ये क्लोजिंगला, म्हणजे घर खरेदी पक्की होताना, आपण जो गठ्ठा सह्या करतो ना, त्यात डीड ऑफ ट्रस्ट असतं. त्यात हप्ते थकले तर घर विकायचा अधिकार ट्रस्टीला आपणच दिलेला असतो, म्हणून त्यांना कोर्टात जावं लागत नाही. अपवाद होम इक्विटी लोनचा. घराच्या इक्विटीवर, म्हणजे घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरतो त्या आपल्या हिश्श्यावर, पैसे उचलले असतील तर जप्तीआधी कोर्टाचा आदेश लागतो, तेव्हा आपलं लोन नक्की कोणतं ते आधी बघा.

आणि पत्र न घेण्याबद्दल, हे मी हात जोडून सांगते. टेक्सासच्या कायद्यात सर्टिफाइड पत्र तुमच्या शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर पोस्टात पडलं की नोटीस दिली गेली, तुम्ही घेतलंत का, वाचलंत का, याला काही अर्थ नाही. राहत्या घरासाठी आधी थकबाकी भरायला किमान २० दिवसांची नोटीस, मग लिलावाच्या किमान २१ दिवस आधी सेलची नोटीस, ती कोर्टहाउसवर लागते, काउंटी क्लार्ककडे दाखल होते, आणि तुम्हाला पाठवली जाते. मग महिन्याचा पहिला मंगळवार, सकाळी १० ते दुपारी ४ च्या मधे, काउंटीने ठरवून दिलेल्या जागी लिलाव. हातोडा पडला की संपलं, बँकेच्या लोनवरच्या लिलावात घर परत सोडवून घ्यायची मुदत टेक्सासमध्ये नाही. एचओएने विकलं तर १८० दिवस मिळतात, प्रॉपर्टी टॅक्ससाठी विकलं गेलं तर राहत्या घराला दोन वर्षं, तीही पहिल्या वर्षी २५ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के जास्त भरून. बँकेच्या बाबतीत काहीच नाही.

१७ दिवस राहिले म्हणजे ते ३७ दिवसांचं फेडरल संरक्षण हातातून गेलं. आता उरतं काय, तर सर्व्हिसरकडून लेखी रीइन्स्टेटमेंट कोट मागायचा, म्हणजे आज नक्की किती भरले की लोन चालू होईल तो आकडा, आणि कुठूनही तेवढे जमत असतील तर वेळेआधी वायरने भरायचे. किंवा घरात इक्विटी असेल तर खरेदीदार घेऊन सर्व्हिसरकडे जायचं आणि तारीख पुढे मागायची, ते देतील न देतील. किंवा चॅप्टर १३. हा दिवाळखोरीचा अर्ज लिलावाच्या आधी दाखल झाला तर लिलाव तिथेच थांबतो आणि थकबाकी तीन ते पाच वर्षांत फेडायची योजना कोर्टापुढे ठेवता येते, पण त्यासाठी नियमित उत्पन्न लागतं आणि चालू हप्ताही सुरू ठेवावा लागतो. दिवाळखोरी शब्द ऐकून आपल्या माणसांच्या पोटात गोळा येतो हे मला माहितीये. मी एवढंच म्हणते की वकिलाचं ऐकून मग ठरवा, शब्दाला घाबरून नाही. आणि कुणीही फोनवर ‘काळजी करू नका, फाइल रिव्ह्यूमध्ये आहे’ म्हणालं तर लिलाव पुढे गेल्याचं लेखी मिळेपर्यंत तो मंगळवार तसाच उभा आहे असं धरा.

प्रश्न: माझा मुलगा फ्रीमाँट, कॅलिफोर्निया येथे आहे. २०२२ साली चढ्या भावात घर घेतले, आता नोकरी गेली, परत यायचे म्हणतो. त्याचे मित्र सांगतात की किल्ली बँकेला देऊन टाक आणि विमानात बस. आम्हा दोघांना झोप नाही. ती बँक इथे कोथरूडच्या आमच्या फ्लॅटवर हक्क सांगू शकेल का? (पुणे)

काका, आधी फ्लॅटचं सांगते म्हणजे आज झोप लागेल. फ्लॅट तुमच्या आणि काकूंच्या नावावर असेल आणि तुम्ही अमेरिकेतल्या त्या लोनवर कुठेही सही केलेली नसेल तर त्या बँकेचा तुमच्याशी काहीही संबंध नाही. मुलाचं कर्ज आईवडिलांकडे येत नाही, ना तिथल्या कायद्याने ना इथल्या. आता फ्लॅटवर मुलाचंही नाव असेल तर त्याच्या हिश्श्याबद्दल बोलता येईल, पण तिथेही रस्ता सोपा नाही. आपल्या सिव्हिल प्रोसीजर कोडच्या कलम ४४अ खाली यूके, सिंगापूर, यूएई अशा काही देशांचे निकाल भारतात थेट बजावता येतात, त्या यादीत अमेरिका नाही. अमेरिकेतला निकाल घेऊन बँकेला भारतात वेगळा दावा लावावा लागतो.

आणि बहुतेक तो निकालच मिळणार नाही, कारण मुलगा कॅलिफोर्नियात आहे. राहतं घर विकत घेण्यासाठीच काढलेलं लोन असेल तर लिलावात पैसे कमी पडले तरी उरलेल्या रकमेसाठी कर्जदाराच्या मागे लागता येत नाही, आणि कोर्टाबाहेर लिलाव केला तर ती बँक तसंही नंतर वसुली करू शकत नाही. फक्त त्याला एक विचारा, नंतर होम इक्विटी लाइन काढलीये का, किचन केलं, गाडी घेतली वगैरे. कारण तो दुसरा सावकार घराच्या लिलावात काही न मिळाल्यास त्याच्या वैयक्तिक मागे लागू शकतो.

तरीही किल्ली देऊन निघून जाऊ नको असंच त्याला सांगा. हप्ते थकून नोटीस ऑफ डिफॉल्ट नोंदवली तरी त्यानंतर तीन महिने, मग सेलची नोटीस आणि किमान २० दिवस, आणि लिलावाच्या पाच कामकाजाचे दिवस आधीपर्यंत थकबाकी भरून लोन चालू करायचा हक्क, एवढा वेळ तिथे मिळतो. २०१३ पासून तिथे होमओनर बिल ऑफ राइट्स आहे, त्यात एकीकडे अर्ज तपासतोय म्हणायचं आणि दुसरीकडे लिलाव पुढे रेटायचा हे बँकेला करता येत नाही. पण हे संरक्षण तो त्या घरात राहतोय तोवर. घर रिकामं करून पुण्याला आला की ते बरंचसं गळून पडतं, १२० दिवसांचं फेडरलसुद्धा. म्हणून जे करायचं ते निघायच्या आधी. भाव मिळत असेल तर विकावं, डाउन पेमेंटमधलं जे उरेल ते त्याचं, आणि भाव कर्जापेक्षा कमी मिळत असेल तर बँकेच्या संमतीने तेवढ्यालाच विकावं, त्याला शॉर्ट सेल म्हणतात. भारतात येऊन नॉनरेसिडेंट झाल्यावर विकलं तर खरेदीदाराला किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम अमेरिकेच्या टॅक्स खात्यासाठी कापून ठेवावी लागते, तो वेगळाच डोक्याला ताप. फोरक्लोजरची नोंद क्रेडिट रिपोर्टवर सात वर्षं राहते, उद्या पुन्हा जायचं झालं तर तीही आड येते.

प्रश्न: एका कंपनीचा रोज फोन येतो, म्हणतात ३,५०० डॉलर आधी भरा, आम्ही जप्ती थांबवतो, आणि घर तात्पुरतं आमच्या नावावर करा. करू का? (अटलांटा)

नाही. घर कुणाच्याही नावावर ‘तात्पुरतं’ होत नसतं, डीडवर, म्हणजे घराच्या मालकीच्या कागदावर, सही झाली की घर गेलं आणि लोन मात्र तुमच्याच डोक्यावर. आणि बँकेकडून तुम्हाला मान्य होईल अशी लेखी ऑफर आणून दिल्याशिवाय असल्या कंपन्यांना एक डॉलरही आधी घ्यायला फेडरल नियमाने बंदी आहे, २०११ पासून. हेच काम सरकारमान्य काउन्सेलर फुकट करतात, नंबर ८८८-९९५-४६७३, आत्ता लावा. जॉर्जियातही टेक्साससारखाच पहिला मंगळवार असतो, थांबू नका.

प्रश्न: लिलावात घर कर्जापेक्षा जास्त किमतीला गेलं तर वरचे पैसे कुणाचे? (मिनियापोलिस)

तुमचे. आधी त्या घरावरचे बाकीचे बोजे फिटतात, मग उरलेलं घरमालकाचं, पण ते मागावे लागतात, आपोआप चेक येईलच असं नाही. प्रॉपर्टी टॅक्ससाठी घर जप्त झालं तर मात्र काही राज्यं वरचे पैसेही स्वतःच ठेवत होती. तुमच्याच काउंटीत ९४ वर्षांच्या एका आजींचा कॉन्डो सुमारे १५,००० डॉलरच्या टॅक्स आणि दंडासाठी ४०,००० ला विकला आणि वरचे २५,००० काउंटीने ठेवले. आजी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि २०२३ मध्ये, टायलर विरुद्ध हेनेपिन काउंटी, सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मला त्या आजींचं फार कौतुक वाटतं.

प्रश्न: माझे यजमान चार महिन्यांपूर्वी अचानक गेले. घर दोघांच्या नावावर आहे पण लोन फक्त त्यांच्या नावावर होतं. मी फोन केला की सर्व्हिसरवाले म्हणतात तुमचं नाव लोनवर नाही, आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही, कर्जदाराला फोन द्या. कर्जदार कुठून आणू? दोन हप्ते राहिले. आता पूर्ण लोन एकदम भरावं लागेल का? (नेपरव्हिल, इलिनॉय)

ताई, वाचून मन फार दुखलं. पूर्ण लोन एकदम भरावं लागणार नाही. मालकी बदलली की सगळं लोन लगेच मागता येतं असं कलम कागदात असतं, पण १९८२ चा गार्न-सेंट जर्मेन म्हणून फेडरल कायदा आहे, त्यात नवऱ्याच्या किंवा बायकोच्या मृत्यूनंतर घर जोडीदाराकडे आलं तर ते कलम वापरता येत नाही. तुम्ही हप्ते भरत राहिलात तर लोन जसं होतं तसंच, त्याच व्याजदराने चालतं.

आणि ‘तुमच्याशी बोलू शकत नाही’ हे उत्तर २०१८ पासून चालत नाही. तुम्ही सक्सेसर इन इंटरेस्ट आहात, म्हणजे कर्जदारानंतर घराची मालकी जिच्याकडे आली ती व्यक्ती. फोन करू नका, फोनवरच्या मुलीला हे माहीत नसतं, पत्र लिहा. त्यात लिहायचं की माझे पती अमुक तारखेला वारले, घर आता माझं आहे, मला सक्सेसर इन इंटरेस्ट म्हणून मान्यता द्या आणि त्यासाठी कोणते कागद हवेत ते लेखी कळवा. सोबत डेथ सर्टिफिकेट आणि डीडची कॉपी. एकदा मान्यता मिळाली की कर्जदाराला जे हक्क ते सगळे तुम्हाला, अर्ज करायचा, माहिती मागायचा, सगळे, आणि त्यासाठी लोन स्वतःच्या नावावर घ्यायची सक्ती करता येत नाही. तोवर जमेल तसा चालू हप्ता भरायचा प्रयत्न करा, ऑटोपे यजमानांच्या खात्यावरून होतं का आणि ते खातं गोठलं म्हणून हप्ते राहिले का तेही बघा, असं खूपदा होतं.

इलिनॉयमध्ये कोर्टातूनच जप्ती होते आणि केसचे कागद मिळाल्यापासून सात महिने किंवा निकालापासून तीन महिने, यातली जी तारीख नंतरची तोपर्यंत सगळं कर्ज फेडून घर सोडवता येतं. तुमचे दोनच हप्ते राहिलेत, तुम्ही त्याच्या खूप अलीकडे आहात. पत्र पोस्टाच्या काउंटरवरून सर्टिफाइड पाठवा, हप्ते भरायच्या पत्त्यावर नाही, स्टेटमेंटवर चौकशी आणि तक्रारीसाठी वेगळा पत्ता छापलेला असतो त्यावर. पाठवायच्या आधी मला मेल करा, मी वाचून बघते.